पेसिंग करून दिलेले स्पीडिंगचे तिकीट: लढवावे की भरून मोकळे व्हावे?

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो. या आठवड्यात कामावरून घरी परतत असताना एका टाउनशिपच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) पोलीस अधिकाऱ्याने मला थांबवले आणि ताशी 55 मैलांची मर्यादा असलेल्या चौपदरी रस्त्यावर मी 75 मैलांच्या वेगाने जात होतो, असे सांगून राज्याच्या वाहन कायद्याच्या कलम 3362 खाली तिकीट दिले. रडार किंवा लेझर यांपैकी काहीही वापरलेले नव्हते. आपण काही अंतर माझ्या मागोमाग गाडी चालवली आणि स्वतःच्या स्पीडोमीटरवर वेग पाहिला, एवढेच त्यांनी सांगितले. येथे याला पेसिंग म्हणतात, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

मला खटकते ती गोष्ट अशी, की मी आरशात पाहिले तेव्हा त्यांची गाडी रॅम्पवरून नुकतीच महामार्गावर आलेली होती आणि झपाट्याने जवळ येत होती. जी गाडी मला गाठण्यासाठी वेग वाढवत आहे, तिच्या काट्यावर दिसणारा आकडा माझा वेग कसा ठरतो? मूळ दंड 65 डॉलर आहे आणि इतर शुल्के धरली तर रक्कम त्याच्या दुपटीच्या पुढे जाते, परंतु मला चिंता आहे ती परवान्यावर पडणाऱ्या 4 पॉइंटांची (नियमभंगाच्या दोषगुणांची) आणि त्यामुळे वाढणाऱ्या विम्याच्या हप्त्याची. असे तिकीट कोणी लढवले आहे का? वकील करणे आवश्यक आहे का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खडीसाखर
भरून टाका आणि झोपा. पोलिसाचा शब्द आणि आपला शब्द यांत न्यायाधीश कोणाचा मानणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तीन_नद्या
खडीसाखर यांच्याशी मी सहमत नाही, निदान पेनसिल्व्हेनियापुरता तरी नाही. मी पिट्सबर्गला अनेक वर्षे राहत आहे आणि असे एक प्रकरण घरातच पाहिलेले आहे.

प्रथम तातडीची गोष्ट सांगतो. तिकीट मिळाल्यापासून 10 दिवसांत आपला जबाब कळवावा लागतो. त्यात दोष अमान्य असल्याचे कळवून ठरलेली रक्कम अनामत म्हणून भरली, की मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजसमोर, म्हणजे स्थानिक कनिष्ठ न्यायाधीशांसमोर, सुनावणीची तारीख मिळते. पैसे नुसते भरून टाकणे म्हणजे गुन्हा कबूल करणे होय. तेव्हा आधी भरू आणि मग पाहू, असा मार्ग येथे नाही.

आता मुख्य मुद्दा. या राज्यात रडार वापरण्याचा अधिकार वर्षानुवर्षे राज्य पोलिसांपुरताच राहिलेला आहे. त्यामुळे टाउनशिपचे पोलीस रस्त्यावर आखलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधील वेळ मोजतात किंवा पेसिंग करतात. येथे रस्त्यावर मध्येच दिसणाऱ्या त्या आडव्या पट्ट्या कशासाठी असतात, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर हे आहे. पेसिंगसाठी मात्र कायद्याने दोन ठोस अटी घातलेल्या आहेत आणि त्या कलम 3368 मध्ये स्पष्ट लिहिलेल्या आहेत. स्पीडोमीटरने वेग ठरवायचा असेल तर किमान तीन दशांश मैल अंतरापर्यंत तो मोजला गेला पाहिजे. शिवाय पोलिसांच्या गाडीच्या स्पीडोमीटरची तपासणी घटनेच्या आधीच्या एका वर्षात झालेली असली पाहिजे आणि टायरचा आकार बदलला असेल तर त्यानंतर लगेच झालेली असली पाहिजे. तपासणी केंद्राचे प्रमाणपत्र हाच त्याचा पुरावा मानला जातो. म्हणून प्रश्न केवळ कोणाच्या शब्दाचा नाही. अधिकाऱ्याने कुठून कुठपर्यंत वेग मोजला आणि प्रमाणपत्र सोबत आणले आहे का, हे दोन प्रश्न तुम्हाला न्यायाधीशांसमोर शांतपणे विचारता येतात.

डोंगरवाट
तीन_नद्या, मनापासून आभार. दोष अमान्य असल्याचे आजच कळवतो. तीन दशांश मैलांची अट मला ठाऊकच नव्हती. रॅम्पपासून मला थांबवले त्या जागेपर्यंतचे अंतर नकाशावर मोजून पाहतो.

अपूर्णांक
धाग्याच्या मूळ प्रश्नात गणित आहे, म्हणून मला राहवत नाही.

ताशी 75 मैल म्हणजे सेकंदाला 110 फूट. तीन दशांश मैल म्हणजे 1584 फूट आणि ते अंतर त्या वेगाने कापण्यास 14.4 सेकंद लागतात. आता समजा, मोजणीच्या आरंभी दोन गाड्यांमध्ये 400 फुटांचे अंतर होते आणि शेवटी ते 200 फूट उरले. याचा अर्थ त्या 14.4 सेकंदांत डोंगरवाट यांची गाडी पोलिसांच्या गाडीपेक्षा 200 फूट कमी, म्हणजे 1384 फूट गेली. भागाकार केला तर सेकंदाला साधारण 96 फूट, म्हणजे ताशी साडेपासष्ट मैल होतात. पोलिसांच्या काट्यावर पूर्ण वेळ 75 हाच आकडा स्थिर होता, असे मान्य केले तरीही पुढच्या गाडीच्या वेगात जवळपास दहा मैलांचा फरक पडतो.

म्हणून पेसिंगचा सगळा भार एका गोष्टीवर आहे: मोजणीच्या काळात दोन गाड्यांमधील अंतर बदलता कामा नये. संध्याकाळच्या अंधारात, पुढच्या गाडीचे केवळ मागचे दिवे दिसत असताना 400 फूट आणि 200 फूट यांतील फरक डोळ्यांनी किती अचूक ओळखता येतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

खडीसाखर
अपूर्णांक यांनी न्यायालयात फळा आणि खडू नेण्याची परवानगी मागावी.

वैनगंगा
मी गणिताच्या विरोधात नाही, परंतु व्यवहार वेगळा असतो. ज्या अधिकाऱ्याने अशा डझनावारी साक्षी दिलेल्या असतात, त्याला काय बोलायचे ते तोंडपाठ असते. आपण आधी गाडी गाठली, मग समान अंतर राखले आणि त्यानंतर अमुक पुलापासून तमुक फलकापर्यंत वेग स्थिर ठेवून पाहिला, असे तो सांगणार. हे तुम्ही खोटे कसे ठरवणार? तुमच्याकडे डॅशकॅम होता का? नसल्यास निदान फोनमधील नकाशाच्या ॲपने नोंदवलेला प्रवास तरी जपून ठेवा. त्यावरून क्षणाक्षणाचा वेग कळत नाही, पण दोन ठिकाणांमधील सरासरी काढता येते. सरासरी 60 निघाली आणि रस्ता मोकळा होता, तर 75 च्या आरोपाला निदान धक्का बसतो.

दुसरी शक्यता टायरची. झिजलेल्या टायरमुळे पोलिसांच्या गाडीचा काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवू शकतो, असे मी वाचले आहे.

अपूर्णांक
वैनगंगा, टायरच्या मुद्द्यावर फार विसंबू नये. नव्या टायरची नक्षी साधारण 10/32 इंच खोल असते आणि ती 2/32 पर्यंत झिजली तर त्रिज्या पाव इंचाने घटते. चाकाची त्रिज्या 13 इंचांच्या आसपास धरली तर चूक दोन टक्क्यांच्या आत राहते, म्हणजे 75 ला सुमारे दीड मैल. वीस मैलांचा आरोप दीड मैलाने कोसळत नाही. गाड्यांमधील अंतर हाच खरा मुद्दा आहे.

पोटोमॅककाठ
व्हर्जिनियातून लिहीत आहे. तुम्ही पेनसिल्व्हेनियात पकडले गेलात, हे तुमचे सुदैव समजा. आमच्याकडे मर्यादेपेक्षा 20 मैल किंवा त्याहून अधिक वेग, अथवा कोणत्याही रस्त्यावर 85 च्या वर वेग, हा बेदरकार वाहनचालनाचा गुन्हा ठरतो. त्याची गणना नुसत्या वाहतूक नियमभंगात न होता फौजदारी गुन्ह्यात होते आणि त्यासाठी 12 महिन्यांपर्यंत कैद व 2500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ही 85 ची मर्यादाही 2020 पूर्वी 80 होती. म्हणजे तुमचाच 55 ला 75 हा आरोप येथे झाला असता, तर मी तुम्हाला याच क्षणी वकील गाठण्यास सांगितले असते.

मात्र आमच्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. चालकाच्या किंवा पोलिसांच्या गाडीच्या स्पीडोमीटरची तपासणी करून घेतलेला शपथेवरील अहवाल न्यायालयाला पुरावा म्हणून स्वीकारावाच लागतो आणि दोष ठरवताना तसेच शिक्षा ठरवताना तो विचारात घ्यावा लागतो. त्यामुळे येथील वकील पहिल्या भेटीतच तुमची गाडी तपासणी केंद्रात पाठवतात. माझ्या परिचयातील एकाच्या गाडीचा काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो असे त्यात निघाले आणि न्यायाधीशांनी आरोप सौम्य केला.

मुळामुठा
मी पुण्यात असतो, त्यामुळे प्रश्न जरा बाहेरचा वाटल्यास क्षमस्व. आपल्याकडे पोलीस असे मागे गाडी लावून वेग मोजत नाहीत, कॅमेरा फोटो काढतो आणि चलन थेट मोबाइलवर येते. मग अमेरिकेसारख्या देशात माणसाने काट्याकडे पाहून दिलेली साक्ष कशी चालते?

तीन_नद्या
मुळामुठा, प्रश्न बाहेरचा नाही. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली आलेल्या नियम 167अ नुसार वेग मोजणाऱ्या यंत्राला दरवर्षी मान्यता घ्यावी लागते आणि घटनेपासून पंधरा दिवसांत सूचना पाठवावी लागते. म्हणजे यंत्र असो वा माणूस, मोजमापाचे साधन तपासलेले होते का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. फरक इतकाच की येथे साक्षीदार समोर उभा असतो आणि त्याला प्रश्न विचारता येतात. ई-चलनाच्या फोटोला तुम्ही काय विचारणार?

एकट्या माणसाच्या नजरेवर कितपत विसंबावे, यावर येथेही वाद झालेला आहे. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असा निर्णय दिला, की प्रशिक्षित अधिकाऱ्याने नुसत्या डोळ्यांनी केलेला वेगाचा अंदाजही दोषसिद्धीला पुरेसा ठरू शकतो. त्यावर इतकी ओरड झाली, की पुढल्याच वर्षी तेथील विधिमंडळाने कायदा बदलून केवळ नजरेच्या अंदाजावर दोषी ठरवण्यास मनाई केली.

टेम्सतीर
इंग्लंडमध्ये हा वाद त्याहून जुना आहे. येथील 1984 च्या कायद्याप्रमाणे केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणालाही वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दोषी ठरवता येत नाही. हा नियम त्याआधीच्या कायद्यांतही होता. पण 1950 च्या निकोलस विरुद्ध पेनी या खटल्यात न्यायालयाने असे ठरवले, की पोलिसाने मागून जाताना पाहिलेला स्वतःच्या स्पीडोमीटरचा आकडा म्हणजे निव्वळ मत नव्हे, आणि त्याच्या आधारे एकाच अधिकाऱ्याच्या साक्षीवर दोषसिद्धी होऊ शकते. थोडक्यात, काटा हाच दुसरा साक्षीदार झाला. त्यामुळे त्या काट्याचीच उलटतपासणी करावी, हे तीन_नद्या यांचे म्हणणे मला पटते.

राइनकाठ
जर्मनीत यावर अधिक व्यवहारी तोडगा आहे. पोलिसांच्या गाडीचा स्पीडोमीटर प्रमाणित केलेला नसेल, तर मागोमाग जाऊन मोजलेल्या वेगातून न्यायालये साधारणपणे 20 टक्के वजा करतात. तोच हिशेब लावला तर डोंगरवाट यांचे 75 हे थेट 60 होतात.

डोंगरवाट
राइनकाठ, तुमच्या न्यायाधीशांना काही दिवसांसाठी इकडे पाठवता आले तर पाहा.

गोदाकाठची
सर्वजण अंतर, काटा आणि टायर यांविषयी लिहीत आहेत, परंतु मूळ लेखात एक गोष्ट कुठेही आलेली नाही. डोंगरवाट, तुमचा स्वतःचा वेग नेमका किती होता? आपण मर्यादा ओलांडलीच असेल, तर तांत्रिक त्रुटी शोधून सुटण्यापेक्षा दंड भरणे अधिक प्रामाणिकपणाचे नाही का? माझी मुलगी नुकतीच गाडी चालवायला शिकली आहे आणि मी तिला हे कसे समजावून सांगू, असा प्रश्न मला पडतो.

तीन_नद्या
डोंगरवाट, या प्रश्नाचे उत्तर कृपया येथे लिहू नका. न्यायालयातही, मी 75 ने नव्हे तर 60 नेच जात होतो, असे वाक्य सहज तोंडातून निघते आणि ते ऐकणाऱ्याला एवढेच कळते की 55 ची मर्यादा तुम्ही स्वतःच ओलांडल्याचे कबूल केलेत. पुरावा देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर आहे, ती आपण होऊन आपल्या खांद्यावर घेऊ नये.

गोदाकाठची, तुमचा प्रश्न योग्य आहे, पण येथे शिक्षेचे प्रमाण आकड्यावरच ठरते. पेनसिल्व्हेनियात मर्यादेपेक्षा 6 ते 10 मैल जास्त असल्यास 2 पॉइंट, 11 ते 15 ला 3, 16 ते 25 ला 4 आणि त्याच्या पुढे 5 असा हिशेब आहे. ज्याने 8 मैल जास्त वेग ठेवला, त्याने 20 मैलांची शिक्षा का भोगावी? माझ्या मते आकडा अचूक असावा, अशी मागणी करण्यात अप्रामाणिकपणा नाही.

गोदाकाठची
तुमचे म्हणणे अंशतः मान्य आहे. आकड्यावर वाद घालावा. परंतु अधिकारी गैरहजर राहिला म्हणून सुटणाऱ्यांच्या ज्या बढाया इतर धाग्यांवर वाचायला मिळतात, त्यांच्याविषयी माझे मत बदललेले नाही.

एडिसनचा_रहिवासी
न्यू जर्सीची पद्धत सांगतो, कारण आपली बरीच मंडळी येथे आहेत आणि त्यांना उपयोग होईल. येथे म्युनिसिपल कोर्टात सुनावणीआधी सरकारी वकिलाशी बोलता येते. पुष्कळदा ते स्पीडिंगचा आरोप असुरक्षित वाहनचालन या कलमात बदलण्यास तयार होतात. त्यात पहिल्या दोन वेळा पॉइंट पडत नाहीत, पण दंडाखेरीज 250 डॉलरचा अधिभार द्यावा लागतो. म्हणजे राज्याला पैसे मिळतात आणि आपल्याला पॉइंट टळतात. तत्त्व वगैरे बाजूला ठेवून मी दोनदा विचार न करता ते स्वीकारले. मात्र न्यूयॉर्क शहरात पकडले गेलात तर ही सोय विसरा. तेथील ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरोत तडजोड होतच नाही, एक तर दोषी किंवा निर्दोष.

वैनगंगा
पेनसिल्व्हेनियातही सुनावणीआधी अधिकारी स्वतःच कलम 3111, म्हणजे वाहतूक चिन्हांचे पालन न करणे, असा बिनपॉइंटांचा आरोप सुचवतात, असे माझ्या शेजाऱ्यांच्या बाबतीत झाले होते. डोंगरवाट, असा प्रस्ताव आल्यास काय करायचे, ते घरूनच ठरवून जा. कॉरिडॉरमध्ये उभे राहून दोन मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो.

सह्याद्रीचा_वारा
एक वेगळी शंका आहे. मी अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. अशा तिकिटाचा स्थलांतराच्या कागदपत्रांवर परिणाम होतो का? आमच्या कार्यालयात यावरून बरीच घबराट असते.

पोटोमॅककाठ
साधे स्पीडिंगचे तिकीट आणि आमच्याकडील बेदरकार वाहनचालनाचा फौजदारी गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नागरिकत्वाच्या अर्जात वाहतुकीच्या तिकिटांचा उल्लेख करावा लागतो. केवळ दंड झालेला असेल, तो 500 डॉलरपेक्षा कमी असेल आणि मद्य अथवा अमली पदार्थांचा संबंध नसेल, तर त्याची कागदपत्रे जोडण्याची आवश्यकता नसते, असे त्या अर्जाच्या सूचनांत मी स्वतः वाचलेले आहे. माझी सूचना एवढीच की विचारलेली गोष्ट लपवू नये. फौजदारी स्वरूपाचा आरोप असेल, तर मात्र वाहतुकीच्या वकिलाबरोबरच स्थलांतराच्या वकिलालाही आधी विचारावे.

तीन_नद्या
मूळ प्रश्नाकडे परत येतो. डोंगरवाट, पेनसिल्व्हेनियात 2017 पासून असा कायदा आहे, की पोलिसांच्या गाडीतील चित्रीकरणाची मागणी घटनेपासून 60 दिवसांत लेखी करता येते. मागणी मान्य होईलच असे नाही, तरी करून ठेवा. पोलीस विभागाकडे स्पीडोमीटरच्या तपासणीच्या प्रमाणपत्राची प्रतही मागा. सुनावणीत तुमच्या विरोधात निर्णय झाला, तर 30 दिवसांत कोर्ट ऑफ कॉमन प्लीज या वरच्या न्यायालयात अपील करता येते आणि तेथे खटला पहिल्यापासून नव्याने चालतो. वकिलाविषयी तुम्ही विचारले होते. चार पॉइंटांसाठी पहिल्या पायरीवर वकील नसला तरी चालेल, असे मला वाटते. आधीचे पॉइंट असतील तर माझे मत वेगळे असेल, कारण एकूण सहा झाले की परवाना विभाग लेखी परीक्षेला बोलावतो.

डोंगरवाट
आधीचे पॉइंट नाहीत. चित्रीकरण आणि प्रमाणपत्र या दोन्हींसाठी अर्ज पाठवले आहेत. नकाशावर मोजले असता रॅम्प जेथे महामार्गाला मिळतो तेथपासून, ज्या पुलाखाली त्यांनी दिवे लावले तेथपर्यंतचे अंतर जेमतेम चार दशांश मैल भरते.

अपूर्णांक
मग तर प्रकरण रंगतदार आहे. त्या चार दशांशांतच त्यांना रॅम्पवरून महामार्गात शिरायचे होते, वेग वाढवून तुम्हाला गाठायचे होते आणि त्यानंतर समान अंतर राखून तीन दशांश मैल मोजायचे होते. गाठण्यासाठी हाती उरतो एक दशांश मैल, म्हणजे 528 फूट, म्हणजे 75 च्या वेगाने पाच सेकंदांहूनही कमी. रॅम्पवरून नुकत्याच आलेल्या गाडीला पाच सेकंदांत एवढे सगळे जमले, हे त्यांना सांगावे लागेल. तुम्ही फक्त नकाशा ठेवा आणि क्रमाने प्रश्न विचारा. पुलाआधी किती अंतरावर मोजणी सुरू केली? त्या वेळी मी किती पुढे होतो? मोजणी संपली तेव्हा किती पुढे होतो?

डोंगरवाट
सुनावणी झाली, म्हणून सर्वांना कळवत आहे.

चित्रीकरण मिळाले नाही. अधिकारी वेळेवर हजर होते आणि अत्यंत सौजन्याने बोलले. स्पीडोमीटरच्या तपासणीचे प्रमाणपत्र त्यांच्या फायलीत होते आणि त्यावरील तारीख वर्षाच्या आतली होती, म्हणजे तो मार्ग बंद झाला. मी नकाशा दाखवून मोजणी कुठे सुरू झाली, असे विचारले. त्यांनी रॅम्प संपल्यानंतरच्या एका फलकाचे नाव घेतले. माझ्या मोजणीप्रमाणे त्या फलकापासून पुलापर्यंत तीन दशांश मैल होतात, पण अगदी काठावर. त्या फलकापाशी दोन गाड्यांत किती अंतर होते, या प्रश्नावर ते थोडे थांबले आणि मग त्यांनी स्वतःहून कलम 3111 चा प्रस्ताव ठेवला. पॉइंट नाहीत, दंड आणि शुल्के भरायची. वैनगंगा यांच्या सल्ल्याप्रमाणे मी आदल्या रात्रीच पत्नीशी बोलून ठरवले होते, की पॉइंट टळत असतील तर स्वीकारायचे. तसे केले. न्यायाधीशांसमोर सगळे मिळून चार-पाच मिनिटांत आटोपले.

अपूर्णांक
अभिनंदन, परंतु मनापासून वाईट वाटले. ते ज्या प्रश्नावर थांबले, त्याचे उत्तर शपथेवर ऐकायचे होते. तुम्ही सुटला असतात, असे माझे ठाम मत आहे.

वैनगंगा
अपूर्णांक, पॉइंट त्यांच्या परवान्यावर पडणार होते, तुमच्या नव्हे. अंतर सुमारे दोनशे फूट होते आणि तेवढेच राहिले, असे अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले असते, तर तुमचे 1384 फूट तिथेच संपले असते.

अपूर्णांक
तसे सांगितले असते तर पाच सेकंदांत गाडी गाठून दोनशे फुटांवर कशी आणली, हा पुढचा प्रश्न तयार होता.

खडीसाखर
शेवटी पैसे भरावेच लागले, हे मी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितले होते, याची कृपया नोंद घ्यावी.

सह्याद्रीचा_वारा
डोंगरवाट, नव्या कलमाची नोंद वाहनचालनाच्या अभिलेखात दिसते का? विमा कंपनी ती पाहते का?

डोंगरवाट
नोंद दिसते, मात्र पॉइंट शून्य. विम्याचे नूतनीकरण अजून व्हायचे आहे. हप्त्यात फरक पडलाच तर याच धाग्यावर लिहीन.